गयेच्या वेद्या, अनवाणी

आईचं पिंडदान करायला गयेला गेलो. इथल्या फल्गू नदीला आता पाणी असतं. २०२२ साली रबराचा बांध झाला, त्यामुळे घाटाजवळ तर्पणासाठी वाळूत झिरा खणावा लागत नाही. पुलावरून सीताकुंडाला चालत गेलो, तिथे वाळूचे पिंड दिले. विष्णुपद मंदिर अहिल्याबाई होळकरांनी बांधलेलं, १७८७ चं. गर्दीत विष्णूच्या पावलावर पिंड टेकला आणि बाहेर पडलो.

प्रेतशिलेच्या टेकडीला मात्र अख्खा दिवस गेला. खाली ब्रह्मकुंडावर पिंड द्यायचे, मग शेकडो पायऱ्या चढून वर शिळेभोवती सातूचं पीठ उडवायचं. भादव्याचं ऊन, दगड तापलेला. अर्ध्या वाटेवरच तळव्याला फोड आले.

पिंडाचं जवाचं पीठ मळताना पाणी चमच्याचमच्यानं घालावं. सैल झालं तर पिंड दर्भावर ढासळतो, घट्ट राहिलं तर तडकतो. काळे तीळ, तूप, मध घालून आवळ्याएवढे वळले की पुरे. अपसव्य म्हणजे जानवं उजव्या खांद्यावर, तोंड दक्षिणेला, पाणी अंगठा आणि तर्जनीच्या मधून. एवढं सगळे नीट करतात. बिघडतं ते उठताना. पिंड दगडावरच ठेवून वर तांब्याभर पाणी ओततात. पीठ-तुपाचा चिखल पन्हळीत उतरतो, उन्हात वाळून घट्ट बसतो. तोंडाशी पत्रावळी आणि पिशव्या अडकल्या की पाणी पायऱ्यांवर येतं. सोळा वेदीच्या मंडपात तर खांबांवर पिंडांचे थरावर थर. पूर्वी गयेत ३६० वेद्या, म्हणजे पिंड द्यायच्या जागा, होत्या म्हणतात, आज पन्नासच्या आसपास उरल्यात. त्या तरी जपायला नकोत का?

त्यात उपाध्यांनी संकल्प मध्येच थांबवून दक्षिणेचा आकडा वाढवला. आईचं नाव ओठांवर असताना घासाघीस करावी लागली, फार संताप आला.

प्रेतशिलेवरून उतरताना एका पायरीवर बीडकडची एक आजी वाकून बसली होती. हातात करवंटीचा तुकडा. तुपाळलेलं पीठ ती कडेपासून आत खरवडत होती, पत्रावळीवर गोळा करत होती. पाणी अजिबात वापरत नव्हती, पाण्यानं ते पसरतं. पायरी कोरडी झाल्यावर वरून मूठभर वाळू टाकली, हात पुढे केला. ‘‘आता ठिव पाय, लेकरा. माझा म्हातारा हितंच घसरला सकाळी.’’ मग माझ्या फोडांकडे बघून पदराची चिंधी फाडून दिली. गोळा केलेलं पीठ तिनं खाली गाईपुढे ठेवलं.

संध्याकाळी त्याच उपाध्यांनी यजमानांच्या घराण्यांची वही उघडली. पणजोबांची मोडीतली सही होती. मी नमस्कार केला, मनापासून.

अक्षयवटाखाली शेवटचे पिंड दिले, श्राद्ध सफळ झाल्याचा आशीर्वाद, म्हणजे सुफल, घेतलं. जाणाऱ्यांनी सामानात करवंटी, छोटा खराटा आणि प्लास्टिकऐवजी कापडी पिशवी ठेवावी. पिंड आधी दर्भासकट उचलून पत्रावळीवर घ्यावेत, जागा कोरडी झाडावी, पाणी सगळ्यात शेवटी.