आईचं ताट

माझा धाकटा भाऊ १९ वर्षांचा असताना जेवायला बसला की आपलं ताट आईकडे सरकवायचा आणि तिचं स्वतःकडे ओढायचा. आम्ही हसायचो, घोडा झाला तरी आईच्याच ताटातलं लागतं म्हणून. त्याच्या भाजीत कोणीतरी काहीतरी घालतंय असं त्याला वाटत होतं, हे आम्हाला जवळजवळ वर्षभराने कळलं.

स्किझोफ्रेनिया म्हटलं की रस्त्यावर ओरडत फिरणारा माणूसच डोळ्यासमोर येतो ना, निदान माझ्या तरी यायचा. आमच्याकडे सगळं गुपचूप झालं. आधी झोप उलटीपालटी, मग क्रिकेट बंद, मित्र खाली हाका मारायचे तर "नाहीये म्हणून सांग", चार-चार दिवस आंघोळ नाही, लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी, आणि दहावीला ८८ टक्के असलेल्या पोराला सेकंड इयरला चार केट्या. बाबा म्हणाले मोबाइल, काका म्हणाले प्रेमभंग, आत्याने नारळ उतरवून टाकला. एक मामा तर लग्न लावून द्या म्हणाला, १९व्या वर्षी!

शेवटी सायकियाट्रिस्टकडे गेलो. त्यांनी त्याला सरळ विचारलं, आजूबाजूला कोणी नसताना तुझ्याबद्दल कोणी बोलताना ऐकू येतं का? तो "हो" म्हणाला, किती वाजले ते सांगावं इतक्या सहज. घरात एवढी माणसं, पण हा प्रश्न आमच्यापैकी एकानेही विचारला नव्हता.

डॉक्टर म्हणाले मुलांमध्ये हे बऱ्याचदा विशीच्या आसपास सुरू होतं, मुलींमध्ये थोडं उशिरा, आणि भास व्हायच्या आधी कित्येक महिने असंच एकेक सुटत जातं. आता प्रत्येक अबोल पोराला हाच आजार असतो असं नाही हां, नाहीतर उद्या सगळे घाबरून जाल. पण पोरगं पूर्वीसारखं राहिलं नाही आणि ते महिनोन्महिने तसंच चाललंय तर दाखवा बाबा, उपचाराला जितका उशीर तितकं सावरणं अवघड. एकदम जायला जमत नसेल तर सरकारी टेली मानस हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, फुकट. पुण्यात डॉ. जगन्नाथ वाणींनी काढलेली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन आहे, त्यांच्या पत्नीलाच हा आजार होता.

आता तो गोळ्यांवर आहे, वजन वाढलंय, त्यावरून चिडतो. परवा जेवताना त्याने ताट आईकडे सरकवलं आणि आम्ही दोघी घास हातात धरून थांबलो.

"आमटी खारट झालीये गं," एवढंच म्हणाला.