तालीम, दोन्ही अर्थांची

मराठीत पैलवानांच्या आखाड्यालाही तालीम म्हणतात आणि नाटकाच्या सरावालाही. इंग्लंडमध्ये नाटक शिकायला गेलेल्या मराठी मुलामुलींना हा निव्वळ योगायोग वाटेनासा होतो. पहिले काही महिने संवाद, रंगभूषा, टाळ्या यांतलं फारसं काही वाट्याला येत नाही. वाट्याला येते ती जमीन. लंडनच्या गावर स्ट्रीटवर जी रॉयल ॲकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्ट आहे, 1904 मध्ये सुरू झालेली, तिला तिथे सगळे आद्याक्षरांवरून ‘राडा’ म्हणतात. ‘राड्यात शिकतो’ हे वाक्य घरच्यांना पहिल्यांदा ऐकवताना जरा प्रस्तावना करावी लागते. पुण्यात जन्मलेले इब्राहिम अल्काझी चाळीसच्या दशकाच्या अखेरीस तिथेच शिकले आणि 1962 मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे संचालक झाले. त्यांच्या करड्या शिस्तीच्या गोष्टी आपल्याकडे अजून सांगितल्या जातात. त्या शिस्तीची एक चव इथल्या स्टुडिओच्या लाकडी फरशीवर घ्यायला मिळते.

ही फरशी थेट काँक्रीटवर बसवलेली नसते. खाली पट्ट्या आणि मध्ये पोकळी असते, म्हणजे उडी मारली की ती किंचित दबते आणि गुडघे वाचतात. तिच्यावर उताणं पडायचं, गुडघे वर, तळवे जमिनीला टेकलेले, डोक्याखाली दोन-तीन पातळ पुस्तकं. पुस्तकं किती हे प्रत्येकाच्या मानेवर ठरतं. कमी झाली तर हनुवटी वर जाते आणि मान मागे मोडते, जास्त झाली तर हनुवटी गळ्यावर दाबली जाते आणि श्वास अडतो. नाटकांच्या कागदी बांधणीच्या प्रती या कामाला उत्तम. असं पंधरा-वीस मिनिटं, डोळे उघडे ठेवून. डोळे मिटले की झोप लागते आणि नव्या मुलांपैकी कुणीतरी घोरतंच. हात बरगड्यांच्या खालच्या भागावर ठेवले की श्वास कुठे पोचतोय ते कळतं. परीक्षेआधी, मुलाखतीआधी तो वरच छातीत अडकून खांदे उचलत असतो, आणि असा श्वास दीड ओळ बोलण्यापुरताही पुरत नाही. उठताना सरळ उठायचं नाही. आधी कुशीवर वळायचं, मग हातावर भार देऊन उठायचं. घाईत सरळ उठलं की वीस मिनिटांत सैल झालेली मान एका सेकंदात पुन्हा आखडते.

अंगावर काळे कपडे. त्यांना ‘ब्लॅक्स’ म्हणतात: काळा टी-शर्ट, काळी पँट, कुठेही अक्षर किंवा चित्र नाही. समोरच्याचं लक्ष छातीवरच्या कंपनीच्या नावाकडे न जाता शरीराकडे जावं म्हणून. अंगठी, कडं, मनगटावरचा गंडा, लोंबते कानातले सगळं वर्गाबाहेर ठेवायचं, कारण जोडीच्या व्यायामात ते दुसऱ्याच्या केसांत किंवा कपड्यांत अडकतं. तीन जोड तरी हवेत. रोज घाम येतो आणि वसतिगृहातल्या मशीनला प्रत्येक धुण्याचे वेगळे पैसे. जुन्या काळातल्या नाटकांसाठी मुलींना पायघोळ सरावाचा घागरा लागतो. तो चॅरिटी शॉपमध्ये, म्हणजे वापरलेल्या वस्तूंच्या दुकानात शोधावा, नवा घेण्यात अर्थ नाही. ज्यांनी कधी साडी नेसून जिना चढला आहे, त्यांना पायाच्या टोकाने घोळ पुढे लोटायची सवय असते. जन्मभर जीन्स घातलेल्या मैत्रिणी मात्र पहिल्याच पायरीवर अडखळतात.

खरी कुस्ती जिभेची. आपल्याला इंग्रजी येतं या समजुतीवर पहिला घाव एका टिश्यू पेपरने बसतो. कागदाची पट्टी तोंडासमोर चार बोटांवर धरायची आणि ‘पिन’ म्हणायचं. पट्टी हलली नाही, तर इंग्रज कानाला ‘बिन’ ऐकू येतं. शब्दाच्या सुरुवातीच्या आणि आघात असलेल्या प, ट, क मागे इंग्रजीत एक फुंकर असते आणि ती फुंकर आहे हे बहुतेक इंग्रजांना ठाऊकच नसतं. मराठीत मात्र या फुंकरीला स्वतंत्र अक्षरं आहेत. फळातला फ दोन्ही ओठ मिटून म्हटला, की इंग्रजी ‘पिन’चा प मिळतो. ख सौम्य केला की ‘की’, म्हणजे किल्ली, बरोबर येतं. पण याचाही अतिरेक होतो. ‘स्पिन’मध्ये स मागोमाग येणाऱ्या प ला फुंकर नाही, तिथे आपला साधा प चोख चालतो. ‘पेपर’मध्ये पहिल्या प ला आहे, दुसऱ्याला जवळजवळ नाही. नवशिके दोन्हीकडे फुंकतात आणि मेणबत्त्या विझवल्यासारखं बोलतात.

मग व. आपण लिहिताना ‘वेस्ट’ आणि ‘व्हेस्ट’ असा फरक करतो, बोलताना दोन्हीकडे ओठ मध्येच कुठेतरी असतात. पहिल्यासाठी ओठ शीळ घालताना होतात तसे गोल हवेत, दुसऱ्यासाठी वरचे दात खालच्या ओठावर टेकून गुणगुण हवी. आरशाशिवाय हे जमत नाही. (शीळ मात्र थिएटरात घालायची नाही. पूर्वी वरचे पडदे ओढणारे शिळेच्या खुणेवर काम करत, तेव्हा चुकीच्या शिळेने डोक्यावर देखावा यायचा, असं सांगतात.) ट म्हणताना आपली जीभ टाळूकडे वळते. तिला दातांच्या मागच्या उंचवट्यावर, त आणि ट यांच्या मधोमध बसवावं लागतं. आणि ऱ्हस्वदीर्घ! शाळेत शुद्धलेखनाचे मार्क गेले तरी बोलण्यात कुणाचं अडलं नाही, कारण मराठी बोलताना इ-ई चा फरक आपण फारसा पाळतच नाही. इथे ‘शिप’ आणि ‘शीप’ यांत जहाज आणि मेंढी एवढं अंतर पडतं. नुसतं लांबवून भागत नाही, जिभेची जागाही थोडी बदलते.

हे सगळं आपले उच्चार पुसून टाकायला नसतं. ‘आरपी’ म्हणजे प्रमाण इंग्रजी उच्चार हा एक पोशाख, भूमिकेला लागला तर चढवायचा आणि उतरवायचा. मँचेस्टरहून आलेल्या मुलालाही तो असाच शिकावा लागतो, हे पाहून बरं वाटतं.

वृत्त आलं की वक्तृत्व स्पर्धांची बक्षिसं आड येतात. एलिझाबेथन, म्हणजे शेक्सपिअरच्या काळातल्या नाटकांतली नेहमीची ओळ दहा अक्षरांची, पाच आघातांची. य-मा-ता-रा-ज-भा-न-स-ल-गा पाठ केलेल्यांना ती चटकन कळते: लगा लगा लगा लगा लगा, म्हणजे लघु-गुरू पाच वेळा. पण आपला गुरू मात्रेवर ठरतो, त्यांचा आघातावर. आपण प्रत्येक अक्षराला सारखा मान देतो, कारण स्पष्ट उच्चार म्हणजे एकही अक्षर न गिळणं असंच बिंबवलेलं असतं. इंग्रजीत ‘ऑफ’, ‘टू’, ‘अँड’ हे शब्द गिळायचेच असतात. न गिळल्यास ओळ मालगाडीसारखी खडखडत जाते. त्यावरचा इलाज बैठा नाही. ओळ म्हणत चालायचं आणि विरामचिन्ह आलं की दिशा बदलायची. स्वल्पविराम फार असले की माणूस जागच्या जागी भोवंडतो, आणि पात्राच्या मनाची घालमेल पायांना कळते.

एवढ्या बोलण्याने घसा धरतो, त्यात डिसेंबरमध्ये सूर्य दुपारी चारच्या आत मावळतो आणि खोलीतला हीटर हवा कोरडी करतो. घोटघोट पाणी प्यायलं की आवाज लगेच मोकळा होतो हा समज आहे. पाणी अन्ननलिकेतून जातं, स्वरतंतूंना शिवत नाही. सकाळी प्यायलेलं पाणी शरीरात मुरून दुपारच्या वर्गाला उपयोगी पडतं. स्वरतंतूंपर्यंत थेट पोचते ती वाफ. पातेल्यात गरम पाणी, डोक्यावर टॉवेल, सात-आठ मिनिटं, पाण्यात बाम नाही. रात्री उशिरा झणझणीत जेवून लगेच आडवं होणं हे आवाजाचं सगळ्यात मोठं नुकसान, कारण आम्ल वर येऊन घसा भाजतं आणि सकाळी आवाज घोगरा निघतो.

झणझणीतवरून आठवलं: फोडणी. बऱ्याच वसतिगृहांत स्वयंपाकघरातला अलार्म उष्णतेवर चालतो आणि बाहेरच्या कॉरिडॉरमधला धुरावर. त्यामुळे मिरच्यांचा ठसका उठला की दार उघडायचं ही आपली सवय घातक. धूर कॉरिडॉरमध्ये जातो आणि रात्री साडेदहाला अख्खी इमारत रस्त्यावर कुडकुडत उभी राहते. दार बंद, खिडकी उघडी. विजेची शेगडी बंद केल्यावरही बराच वेळ तापलेली राहते, म्हणून मोहरी तडतडताच भांडं उचलून बाजूला घ्यायचं.

वेळेचं गणित वेगळंच. आपल्याकडे तिसरी घंटा झाली की पडदा. तिथे प्रयोग साडेसातचा असेल तर ‘हाफ’ची, म्हणजे अर्धा तास उरल्याची नटांना दिलेली हाक सात वाजता नव्हे, 6:55 ला येते. ‘क्वार्टर’ 7:10 ला, ‘फाइव्ह’ 7:20 ला. हा हिशेब पडद्यापासून मागे मोजलेला नसतो, ‘बिगिनर्स’पासून मोजलेला असतो. बिगिनर्स म्हणजे पहिल्या प्रवेशातल्या नटांनी जागा घेण्याची हाक, ती 7:25 ला. हाफच्या आत इमारतीत पोचून सही केलेली नसली, की रंगमंच व्यवस्थापक फोन फिरवायला लागतो. हाकेला उत्तर द्यायचंच, ‘थँक यू’ एवढं पुरे. उत्तर आलं नाही तर हाक पोचलीच नाही असं धरतात.

सगळ्यात गमतीची अट व्हिसाची. पदवीच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला 20 तास काम करता येतं, पण ‘मनोरंजन करणारा कलाकार’ म्हणून नाही. अभ्यासक्रमाचाच भाग असलेलं काम तेवढं वेगळं. म्हणजे अभिनय शिकायला आलेल्याने भांडी घासावीत, कॉफी द्यावी, थिएटरात तिकिटं तपासावीत, अभिनयाचे पैसे मात्र घेऊ नयेत! यातलं थिएटरचं काम घ्यावं. मध्यंतरात गळ्यात ट्रे अडकवून आइस्क्रीमचे छोटे डबे विकायचे असतात, आणि चमचा कुठे हे प्रत्येक नवखा प्रेक्षक विचारतो. तो झाकणात असतो. पण उरलेला वेळ दाराशी उभं राहून तेच नाटक आठवड्याला आठ वेळा पाहायला मिळतं. मंगळवारी हशा आलेल्या वाक्यावर बुधवारी शांतता का, हे कुठल्याही वर्गापेक्षा तिथे लवकर उमगतं.

तिकीट काढून पाहायचं तर थेम्सकाठचं ग्लोब, शेक्सपिअरच्या काळातल्या नाट्यगृहासारखं, अंगणावर छप्पर नसलेलं. 1997 मध्ये उघडलेल्या या लाकडी थिएटरच्या अंगणात सातशे जण उभे राहतात, आणि उभ्याचं तिकीट वर्षानुवर्षं पाच पौंडांपासून मिळत आलं आहे. बसायला मनाई, छत्रीलाही मनाई. पातळ प्लॅस्टिकचा रेनकोट खिशात ठेवायचा, जाड तळव्याचे बूट घालायचे, मे महिना असला तरी स्वेटर न्यायचा. लवकर गेलं तर मंचाच्या कडेवर कोपरं टेकता येतात. उशीर झाला तर मागची भिंत धरावी. मध्ये उभं राहणं सगळ्यात वाईट, दुसऱ्या अंकात कंबर बोलायला लागते. नट उजेडात, प्रेक्षकही उजेडात. डोळ्यांत डोळे घालून कुणी प्रश्न विचारला की पाय दुखतात हे विसरायला होतं.

आणि पेन्सिल. पेन वापरणाऱ्याला पहिल्याच आठवड्यात पश्चात्ताप होतो, कारण संहितेच्या समासात लिहिलेलं सगळं पुसावं लागतं. तिथे एक पद्धत सर्रास वापरतात: प्रत्येक वाक्याला एक सकर्मक क्रियापद द्यायचं, म्हणजे मी या वाक्याने समोरच्याला काय करतेय ते. भावना लिहायची नाही, कृती लिहायची. इंग्रजीत शब्द सापडत नसले तर खुशाल मराठीत लिहावेत, आपल्या विभक्तीत याची तयार चाचणी आहे. ‘मी तुझ्यावर चिडते’ हे बाद, ‘वर’ आलं की ती भावना. ‘मी तुला डिवचते’ हे चालेल. समजा वाक्य एवढंच आहे: ‘शट द डोअर.’ सोमवारी समासात ‘दटावते’. म्हणून पाहिलं तर पुढच्या वाक्यात समोरचा हसतो, ते जुळेना. मंगळवारी ते खोडून ‘खिजवते’. बरं, पण दोन ओळींनी तीच रडणार आहे. गुरुवारी, कागद खोडरबराने पातळ झालेला असताना, ‘चुचकारते’.