बाईंचा प्लेअर आणि अडकलेली तालीम

शुक्रवार, रात्री

गाण्याचा क्लास सुटल्यावर बाईंनी त्यांचा जुना एमपीथ्री प्लेअर माझ्या हातात ठेवला. "यातलं काही बाहेर निघत नाही गं. संगणकाला जोडला तर काहीच दिसत नाही म्हणतात. तू बघतेस का?" बघते म्हटलं.

हा प्लेअर क्लासातल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. काळा, चार जीबीचा, मुठीत मावेल एवढा. बाई शिकवायला बसल्या की त्याचं रेकॉर्डिंग सुरू करून तो गादीच्या कडेला, तंबोऱ्याच्या भोपळ्यापासून हातभर अंतरावर ठेवायच्या, आणि मग तो तिथे आहे हे कुणाच्याच लक्षात राहायचं नाही. त्यामुळे त्यात जे आहे ते मैफलीचं गाणं नाही, शिकवणं आहे. एकच जागा पुन्हा पुन्हा मोडून दाखवलेली, मध्येच कुणाला तरी "श्वास कुठे तोडलास?" असं विचारलेलं, बाहेर भाजीवाल्याची आरोळी, की पुन्हा षड्ज. असं गाणं विकत मिळत नाही. मिरजेत वाढल्यामुळे मला गाण्याची श्रीमंती कधी कमी पडली नाही, पण गुरूची तालीम जशीच्या तशी ऐकायला मिळणं ही वेगळीच गोष्ट आहे.

घाईही आहे. क्लासातली धाकटी पुढच्या शिक्षणासाठी परगावी चालली आहे आणि बाईंना ही सगळी रेकॉर्डिंग तिच्याबरोबर द्यायची आहेत. "आता मला तेवढा वेळ बसवत नाही. जे तेव्हा गाऊन ठेवलंय ते तरी तिला मिळू दे," म्हणाल्या.

घरी आल्या आल्या जोडून पाहिला. प्लेअरच्या पडद्यावर बॅटरीचं चित्र भरायला लागलं. लॅपटॉप मात्र ढिम्म. आवाज नाही, खिडकी नाही, काही नाही. रात्रभर चार्जिंगला लावून ठेवते. लिथियमची बॅटरी पार उतरली असेल तर पहिला अर्धा तास असले प्लेअर नीट जागेच होत नाहीत, तेव्हा आज त्यावर निकाल देण्यात अर्थ नाही.

शनिवार, दुपारी

बॅटरी भरली. पॉवरचं बटण वीसेक सेकंद दाबून धरलं, प्लेअर पूर्ण बंद होऊन पुन्हा सुरू झाला, पण गाण्यांची यादी करता करता पडद्यावरची रेघ अर्ध्यावर थांबली ती थांबलीच. लॅपटॉपला अजून पत्ता नाही.

आमच्या गावात तंतुवाद्यं बनवणाऱ्या कारागिरांकडे तंबोरा दुरुस्तीला नेला की ते आधी तार बदलून बघतात, मग खुंटी, मग घोडी, आणि जवारीला, म्हणजे तारांना गुंजन देणाऱ्या घोडीच्या घासणीला, हात सगळ्यात शेवटी. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मी तसंच करायचं ठरवलं. आधी केबल.

साध्या यूएसबी केबलीत चार तारा असतात. लाल तारेतून पाच व्होल्ट येतात, काळी ग्राउंडची, आणि हिरवी-पांढरी ही जोडी माहितीची. चार्जिंग होतंय याचा अर्थ लाल आणि काळी शाबूत आहेत, एवढाच. उरलेल्या दोन तारांबद्दल त्यावरून काहीच कळत नाही. चार्जरबरोबर येणाऱ्या स्वस्तातल्या पुष्कळ केबलींमध्ये तर त्या दोन तारा घातलेल्याच नसतात. 'चार्ज होतोय म्हणजे केबल चांगली आहे' हे वाक्य मी इतक्या लोकांकडून ऐकलंय, आणि कितीतरी चांगली यंत्रं त्या वाक्यापायी भंगारात गेली असतील.

प्लेअरला मिनी यूएसबीचं तोंड आहे, म्हणजे हल्लीच्या फोनची केबल उपयोगाची नाही. कपाटात जुन्या डिजिटल कॅमेऱ्याची केबल सापडली. आधी त्या केबलीने कॅमेराच लॅपटॉपला जोडला, फोटो दिसले, म्हणजे चारही तारा ठीक. मग तीच केबल प्लेअरला लावली. मधला हब काढला, सरळ लॅपटॉपच्या पोर्टमध्ये. या वेळी 'टुंग' वाजलं! पण लगेच खिडकी आली: यूएसबी उपकरण ओळखता येत नाही.

आवाज आला म्हणजे माहितीच्या तारांपर्यंत गाडी पोचली. पण बोलणं अर्धवट होतंय. प्लेअर बंद केला, टॉर्च आणि भिंग घेऊन त्याच्या तोंडात बघितलं. आत गादीच्या कापसाचे तंतू घट्ट दाबून बसलेले, आणि एका पिनेवर हिरवट थर. लाकडी दातकोरणीने तंतू हलकेच ओढून काढले. सुई किंवा टाचणी कधीही घालू नये, पिना वाकतात आणि शॉर्ट होण्याची भीती असते. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये काडीचं टोक बुडवून पिना पुसल्या आणि वाळू दिलं.

पुन्हा जोडला. आता तक्रार नाही. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'पोर्टेबल डिव्हाइसेस'खाली त्याचं नाव आलं, पण शेजारी पिवळा त्रिकोण. आणि 'धिस पीसी'मध्ये काहीच नाही.

शनिवार, रात्री

पिवळ्या त्रिकोणावरून ड्रायव्हर, म्हणजे उपकरणाशी बोलणारा प्रोग्राम, काढून पुन्हा टाकला, फरक नाही. इथे प्रश्न केबलीचा राहिलेला नाही, रीतीचा आहे.

असे प्लेअर संगणकाशी दोन रीतींनी जोडले जातात. एक एमएससी: प्लेअर आपली सगळी साठवण पेन ड्राइव्हसारखी संगणकाच्या हवाली करतो, तिला एक अक्षर मिळतं, आणि आत काय कुठे आहे ते संगणक स्वतः वाचतो. दुसरी एमटीपी: साठवणीचा मालक प्लेअरच राहतो, संगणकाने फाइल मागायची आणि त्याने काढून द्यायची. कॅमेऱ्यांतून फोटो काढून घेण्याच्या पीटीपी नावाच्या रीतीवरून ही रीत तयार झाली आणि २००८ मध्ये यूएसबीच्या मानकांत आली. नक्कल करता येऊ नये म्हणून कुलूप घालून गाणी विकली जायची त्या काळात ती कंपन्यांना सोयीची होती, आणि आजचे अँड्रॉइड फोनही तीच वापरतात. तिचा फायदा खरा आहे: केबल अचानक निघाली तरी साठवण सहसा बिघडत नाही. तोटाही खरा आहे. प्लेअरला स्वतःलाच आतलं वाचता येत नसेल, तर तो बाहेर काय देणार? रेघ अर्ध्यावर अडकली होती त्याचा अर्थ हाच होता.

युरोपात विकलेल्या विंडोजच्या 'एन' आवृत्तीत एमटीपी तर मीडियाचा वेगळा भाग टाकल्याशिवाय चालतच नाही. युरोपीय आयोगाच्या २००४ च्या निर्णयानंतर मीडिया प्लेअर वगळलेली ही आवृत्ती आली. परदेशातून आलेल्या लॅपटॉपवर हे आधी तपासावं. माझा तसा नव्हता.

रीत बदलायची तर प्लेअरच्या सेटिंगमध्ये जावं लागतं, पण त्या पानापर्यंत तो पोचतच नव्हता, तेव्हा त्याच्या माहितीपत्रकात बघितलं. होल्डचं बटण सरकवायचं, डावीकडचं बटण दाबून धरायचं आणि तसंच धरून केबल लावायची, म्हणजे प्लेअर सक्तीने एमएससीत जातो. तसं केलं, आणि ई ड्राइव्ह आला.

आला, आणि त्याबरोबर खिडकीही आली: ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल. खाली दोन बटणं.

इथे थांबून लिहिते, कारण हे कुणी वाचत असेल तर ते याच जागेसाठी वाचावं. या खिडकीत फॉरमॅट दाबू नका. ती डिस्क रिकामी आहे असं संगणक म्हणत नाहीये, मला तिची सुरुवात वाचता येत नाही एवढंच म्हणतोय. आत तालीम जशीच्या तशी असू शकते. घरात वेळेला जो असेल तो 'हो' दाबतो, कारण खिडकीतलं वाक्य सल्ला दिल्यासारखं लिहिलेलं असतं. ते वाक्य तसं लिहिणं मला मनापासून चुकीचं वाटतं. कुणाच्या तरी आईचा आवाज त्या 'हो'च्या पलीकडे असतो.

कॅन्सल केलं. प्लेअर काढून ठेवला. बाईंना फोन केला, दहा वाजून गेले होते तरी. "बाई, दिसतंय. वाचता येत नाहीये, पण आहे." त्या म्हणाल्या, "जेवलीस का? आधी जेव."

रविवार, सकाळी

पेन ड्राइव्हवरून लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी प्रणाली, सुरू केलं. पहिलं काम दुरुस्तीचं नाही, नक्कल घेण्याचं. डीडीरेस्क्यू नावाचा फुकट प्रोग्राम आहे. तो साठवणीतला जो भाग सहज वाचता येतो तो आधी उचलतो आणि अडणाऱ्या जागांकडे नंतर पुन्हा पुन्हा येतो. चार जीबीची एक अखंड फाइल झाली. थोडा भाग वाचता आलाच नाही. आता प्लेअर बाजूला. पुढचं जे काही करायचं ते नकलेवर, म्हणजे काही बिघडलंच तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करता येतं.

नकलेवर टेस्टडिस्क हा बिघडलेली डिस्क तपासून दुरुस्त करणारा प्रोग्राम चालवला. हाही फुकट आहे. त्यात ओळी आल्या: बूट सेक्टर, खराब. राखीव बूट सेक्टर, ठीक.

मी खुर्चीतून उठलेच. फाइली मांडण्याच्या एफएटी३२ पद्धतीत साठवणीच्या अगदी सुरुवातीला एक सेक्टर, म्हणजे साठवणीचा छोटा तुकडा, असतो, त्यात डिस्कची मांडणी लिहिलेली असते. ती गेली की सगळंच दिसेनासं होतं. पण ही पद्धत आखणाऱ्यांनी त्याच सेक्टरची दुसरी प्रत सहसा सहाव्या सेक्टरवर ठेवली आहे, आणि कुठली फाइल कुठे आहे त्या तक्त्याच्याही दोन प्रती ठेवल्या आहेत. कुणीतरी कधीतरी अशा दिवसाचा विचार करून ठेवला होता. राखीव प्रतीवरून मूळ जागी लिहायला सांगितलं, आणि नक्कल उघडली. फोल्डर: रेकॉर्ड. आत फाइलीच फाइली.

सगळ्या डब्ल्यूएव्ही. मोनो, १६ बिट, सेकंदाला ४४,१०० नमुन्यांचा दर, म्हणजे मिनिटाला पाच एमबीच्या वर आणि तासाला तीनशे एमबीच्या पुढे. चार जीबीत बारा तासांच्या आसपास मावतं. एमपीथ्रीपेक्षा ही जागा जास्त खाते, पण न दाबलेला आवाज आहे. तंबोऱ्याच्या जोडीच्या तारांमधलं ते गुणगुणणं यात ऐकू येतं. म्हणून धाकटीला देताना फोनवरून पाठवायचं नाही, हार्ड डिस्कवर मूळ फाइलच द्यायची असं ठरवलं आहे.

शेवटची फाइल उघडली तर शून्य सेकंद. आकार मात्र शंभर एमबीच्या पुढे. डब्ल्यूएव्ही फाइलच्या डोक्यावर पुढे किती आवाज आहे तो आकडा असतो आणि रेकॉर्डिंग बंद करताना तो भरला जातो. हे रेकॉर्डिंग चालू असतानाच बॅटरी संपली असावी आणि बूट सेक्टरही तेव्हाच बिघडला असावा. ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या प्रोग्राममध्ये ती फाइल 'रॉ', म्हणजे डोक्यावरची माहिती न वाचता, आत घेतली, १६ बिट, मोनो, ४४,१०० असं स्वतः सांगितलं. सुरुवातीला टक्कन एक आवाज आणि मग बाईंचा खर्ज.

ऐकत बसले. उठावंसंच वाटेना.

रविवार, रात्री

संध्याकाळी लॅपटॉप आणि स्पीकर घेऊन बाईंकडे गेले. धाकटीही आली होती. फाइलींना नावं नाहीत, नुसते आकडे, आणि तारखा सगळ्या खोट्या, कारण प्लेअरचं घड्याळ कधी लावलेलंच नव्हतं. म्हणजे प्रत्येक फाइल ऐकूनच ओळखायची.

मी लावायची, बाई डोळे मिटून ऐकायच्या. एका फाइलीवर धाकटी राग ओळखत हळूच म्हणाली, "मारवा का?" बाईंनी हात वर केला. "थांब. स्वर तेच आहेत. कोमल रिषभ, तीव्र मध्यम, पंचम नाही. पण मी थांबतेय कुठे ते बघ. गंधारावर आणि निषादावर. हा पूरिया. मारवा असता तर रिषभ आणि धैवत सोडवले नसते." मग पुढची फाइल खरोखरच मारव्याची निघाली. बाई म्हणाल्या, हे दोन्ही दिवस पाठोपाठचे असणार, मुद्दाम फरक दाखवायला घेतले असतील. म्हणजे तारीख नसली तरी क्रम लागतोय!

वाचता न आलेला भाग कुठे गेला तेही कळलं: एका यमनाच्या मध्यावर काही सेकंद कोरी आहेत. बाईंनी ती जागा तिथल्या तिथे गाऊन दाखवली. आवाज बारीक झालाय, पण सुराला धक्का नाही. ती मी फोनवर घेतली आणि त्या फाइलीशेजारी ठेवली. मधे चिकटवायची नाही, वेगळीच ठेवायची, असं आमचं एकमत झालं.

आता प्रती तीन आहेत: एक बाईंकडे, एक माझ्याकडे, एक धाकटीच्या डिस्कवर. प्लेअर अजून फॉरमॅट केलेला नाही आणि सगळ्या फाइली ऐकून होईपर्यंत करणारही नाही. त्याची बॅटरी तेवढी दुकानात दाखवायची आहे, मागचं झाकण किंचित वर आल्यासारखं वाटतं, तोवर चार्जिंगला लावायचा नाही असं बाईंना बजावून आले. पुढच्या रविवारी उरलेल्या फाइली. बाईंनी वही मागवली आहे, आखीव, मोठ्या पानांची: रकाने राग, बंदिशीचा ताल, समोर कोण शिकत होतं, आणि कुठल्या मिनिटाला काय दाखवलंय.