जुना पिक्सेल घेताना

माझ्या फोनमध्ये अशिलांची आधार कार्डं, खरेदीखतांचे फोटो, घटस्फोटाच्या केसमधले व्हॉइस मेसेज असं सगळं असतं. मी नाशिक कोर्टात दिवाणी कामं करते, त्यामुळे कुणाची ना कुणाची भानगड कायम माझ्या पर्समध्ये. म्हणून ग्राफीनओएस, म्हणजे अँड्रॉइडवरच बेतलेली पण सुरक्षेवर भर देणारी फोनची सिस्टिम, टाकायचं ठरवलं, आणि तेही जुन्या फोनवर. नवाकोरा घेण्याइतकी प्रॅक्टिस जोरात नाही.

हे ओएस आत्तापर्यंत गूगलच्या पिक्सेलवरच चालत आलंय. गूगलपासून सुटायला गूगलचाच फोन, यावर बाररूममध्ये पुरेसं हसून झालंय! पण पिक्सेलचा बूटलोडर, म्हणजे फोन चालू होताना सिस्टिम सुरू करणारा प्रोग्रॅम, उघडून दुसरी सिस्टिम टाकली की तिच्या किल्लीनं तो पुन्हा बंद करता येतो, आणि मग फोन दर वेळी सुरू होताना सिस्टिममध्ये कुणी हात घातलाय का ते तपासतो. लिनिएजओएस ही अशीच दुसरी सिस्टिम ढीगभर कंपन्यांच्या फोनवर चालते, पण बहुतेक फोनवर बूटलोडर उघडाच ठेवावा लागतो. मला ते नको होतं.

मग मॉडेल. दुकानदार कॅमेरा आणि ओरखडे दाखवतो. मी आधी तारीख बघते. मोडेमसारख्या भागांचे सुरक्षा अपडेट गूगलकडूनच यावे लागतात, ते थांबले की ग्राफीनवाल्यांच्याही हातात फारसं काही उरत नाही. पिक्सेल ६ पासूनच्या फोनना ते बाजारात आल्यापासून ५ वर्षं मिळतात, पिक्सेल ८ पासूनच्यांना ७. म्हणजे पिक्सेल ६ ला ऑक्टोबर २०२६ पर्यंत, ६ए ला जुलै २०२७, ७ए ला मे २०२८ आणि ८ ला थेट ऑक्टोबर २०३०. स्वस्तात मिळणारा पिक्सेल ६ म्हणजे भाडेपट्टा संपत आलेलं घर. शिवाय तो भारतात अधिकृतपणे विकलाच गेला नाही, जो दिसतो तो बाहेरून आलेला. ६एच्या काही फोनच्या बॅटऱ्या तापतात म्हणून २०२५ मध्ये गूगलनं अपडेट देऊन त्यांची क्षमता कमी केली, तेव्हा तोही बाद. ८ मध्ये मेमरी टॅगिंग, म्हणजे मेमरीतल्या चुकांचा हल्लेखोरांना फायदा घेऊ न देणारी सोय, आहे, ग्राफीन ते चांगलं वापरतं. पण किंमत ऐकून मी ७एवर आले.

एम. जी. रोडच्या दुकानातला मुलगा म्हणाला, "मॅडम, अनलॉक्डच आहे, कुठलंही सिम टाका." सिमचं कुलूप वेगळं, बूटलोडरचं वेगळं. मी फोन माझ्या हॉटस्पॉटला जोडला, अबाउट फोनमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारली, डेव्हलपर ऑप्शन्स उघडले आणि ओईएम अनलॉकिंगचं, म्हणजे बूटलोडर उघडायला परवानगी देणारं, बटण सरकवून पाहिलं. पहिल्या फोनवर ते करडं, हलेचना. अमेरिकेत व्हेरायझन या मोबाइल कंपनीनं विकलेल्या पिक्सेलवर ते कायमचं बंद असतं, त्यावर इलाज नाही. दुसऱ्यावर सरकलं. हे बटण न दाखवणाऱ्याकडून, किंवा फोन कुरिअरनं पाठवून पैसे आधी मागणाऱ्याकडून, मी तरी घेणार नाही.

मग *#०६# करून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख नंबर, काढला आणि फोन चोरीचा नाही ना ते बघायला केवायएम (KYM) लिहून, पुढे तो नंबर टाकून १४४२२ ला एसएमएस केला. ब्लॅकलिस्टेड किंवा डुप्लिकेट असं उत्तर आलं असतं तर तिथूनच परत फिरले असते. आधीच्या मालकाचं गूगल खातं सेटिंग्जमधून काढून मगच रीसेट करायला लावलं, नाहीतर रीसेटनंतर फोन त्याचाच पासवर्ड मागत बसतो. मुलगा कंटाळला, पण बिलावर आयएमईआय लिहून दिला.

सिस्टिम टाकणं त्यामानानं सोपं: चांगली केबल, लॅपटॉपवर क्रोमियम जातीचा (क्रोम, एज असा) ब्राउझर, आणि त्यांच्या वेब इन्स्टॉलरवरची बटणं क्रमानं दाबायची. बूटलोडर उघडताना आणि बंद करताना, दोन्ही वेळा डेटा पुसला जातो. शेवटचं बंद करणं लोक विसरतात. ते विसरलात तर एवढी उलटतपासणी फुकट.

आता फोन सुरू होताना, त्यावर दुसरी सिस्टिम आहे अशी पिवळी सूचना येते, ती यायलाच हवी. गूगल प्ले साध्या अॅपसारखं, जास्तीच्या परवानग्यांशिवाय चालतं. बँकेचं अॅप मात्र फोनला गूगलचं प्रमाणपत्र नाही म्हणून उघडत नाही, तेवढ्यापुरता जुना फोन घरी कपाटात ठेवलाय.