टायटॅनियम सोडून का देता?

"इल्मेनाइट या खनिजात लोखंडही आहे आणि टायटॅनियमही. मग भट्टीतून नुसतं लोखंडच का काढता?" भट्टीवर काम करतो म्हटलं की हा प्रश्न ठरलेला. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, टायटॅनियम आम्ही सोडत नाही, मळीत, म्हणजे वितळलेल्या धातूवर तरंगणाऱ्या थरात (स्लॅगमध्ये), जपून ठेवतो.

विजेच्या भट्टीत इल्मेनाइट आणि अँथ्रासाइट कोळसा, तापमान साधारण १६५० ते १७०० अंश. कार्बन लोखंडाचा ऑक्सिजन ओढून घेतो, लोखंड जड म्हणून तळाशी बसतं. वर तरंगते ती मळी. चांगली जमली तर तिच्यात टायटॅनियम डायॉक्साइड ८५ टक्क्यांच्या आसपास. टायटॅनियम आणि ऑक्सिजनची ही गाठ कार्बनला पुरती सुटत नाही. हट्टाने कोळसा वाढवलात तर धातू हाती लागत नाहीच, टायटॅनियम-कार्बनचं संयुग, कार्बाइड, तयार होतं आणि मळी घट्ट होत जाते. म्हणून थोडं लोखंड मुद्दाम मळीतच राहू द्यायचं.

खरी डोकेदुखी वेगळीच. ही मळी भट्टीच्या आतल्या, उष्णता सोसणाऱ्या मॅग्नेसाइट विटा खाते. तिला अडवू शकेल अशी वस्तू एकच, ती स्वतः! भिंतीलगत मळीचाच थर गोठू द्यायचा आणि तो टिकवायचा. वीज जास्त झाली की थर वितळतो, कमी झाली की आत सरकत येतो. निम्मी पाळी या न दिसणाऱ्या थराची काळजी करण्यात जाते.

भट्टीतून मळी बाहेर काढायचं तोंड वर, लोखंडाचं खाली. मळी पाण्यासारखी धावते, पण जरा गारठली की दगड. सुरुवातीच्या दिवसांत मी तोंडात घातलेली सळई ओढायला क्षणभर उशीर केला आणि ती तिथेच रुतून बसली. पुढचा तासभर सगळ्यांची बोलणी खाल्ली.

टायटॅनियम धातू हवाच असेल तर पुढची वाट लांबची आहे. मळीपासून क्लोरिन आणि कोक वापरून टायटॅनियम टेट्राक्लोराइड करायचं. ते १३६ अंशांना उकळतं, त्यामुळे उकळून शुद्ध करता येतं. मग आरगॉनमध्ये, सुमारे ८०० ते ८५० अंशांना, मॅग्नेशियमकडून त्याचं क्लोरिन काढून घ्यायचं. विल्यम क्रोल यांची ही रीत १९४०च्या सुमाराची. हाती येतो तो सच्छिद्र, करडा स्पंज.

पण आमची बहुतेक मळी तिकडे जातच नाही. भट्टीतून निघते कोळशासारखी काळी, आणि तिच्यापासून बनतं पांढरं रंगद्रव्य.