उणे एक

आमच्या सीरिजमध्ये दोन हुशार पोरं होती आणि प्रेक्षकांना ती दोघं सारखीच वाटणार, ही दिग्दर्शकाची तक्रार पहिल्या वाचनापासून चालू होती. "एक नर्ड, एक गीक, असं तू लिहून मोकळा झालास. पण फरक काय?" लेखक मी, म्हणजे उत्तर मीच द्यायचं. कॉश्च्युमच्या ताईंनी त्यांच्यापुरतं ते सोडवलं होतं. नर्डला जाड भिंगांचा चष्मा, गळ्यापर्यंत बटणं, खिशात पेनं. गीकला सुपरहिरोचा टी-शर्ट. खिशात पेनं ठेवायचं ते प्लास्टिकचं पाकीट अमेरिकेत १९४७ साली पेटंट झालं, शाई गळून शर्ट खराब होऊ नयेत म्हणून. म्हणजे ज्याला जग इतकी वर्षं गबाळा म्हणून हसलं, तो बिचारा कपडेच जपत होता!

दिग्दर्शकाच्या लॅपटॉपवर रेफरन्सचा ढीग होता, आणि त्यात अर्थातच 'द बिग बँग थिअरी' ही अमेरिकन मालिका. २००७ ते २०१९, २७९ भाग. त्यातला भौतिकशास्त्रज्ञ शेल्डन फळ्यासमोर नर्ड असतो आणि बुधवारी कॉमिक्सच्या दुकानात गेला की गीक, त्यामुळे आमचा गोंधळ वाढलाच. एक गोष्ट मात्र आम्ही तिथून उचलली. त्या मालिकेतल्या फळ्यांवरची समीकरणं खरी असत. डेव्हिड साल्ट्झबर्ग नावाचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक ती तपासून देत. आपणही कुणाला तरी बोलवू, असं ठरलं आणि पवईहून पीएच.डी. करणारा एक मुलगा आला.

घोडबंदर रोडच्या स्टुडिओत वर्गाचा सेट लागला होता. आर्टच्या पोरांनी फळा इंटरनेटवरून बघून बघून भरला होता, लाइटमध्ये चकाकू नये म्हणून वर स्प्रेही मारून ठेवला होता. सीन असा होता की आमचा गीक एका मुलीवर छाप पाडायला फळ्यावर ऑयलरचं समीकरण लिहितो आणि "गणितातली सगळ्यात सुंदर ओळ" म्हणून तिला ऐकवतो. त्यावर नर्डच्या तोंडी मी चार वाक्यांचा विनोद दिला होता. बरा होता, वाचनाला लोक हसले होते.

मुलगा फळ्यापाशी गेला, मान वाकडी करून बघत राहिला आणि म्हणाला, "सर, उणे एक."

"काय?"

"ई-चा आय-पाय घात. उत्तर उणे एक येतं. इथे नुसतं एक लिहिलंय."

दिग्दर्शक घाईत. लाइट लागलेले, स्प्रे वाळलेला, तेवढ्यासाठी परत कोण पुसणार? "अरे, कुणाला दिसणारेय ते?"

"मला दिसतंय ना," तो म्हणाला. आवाजात भांडण नव्हतं. माहिती दिल्यासारखा बोलला.

रोल झाला. हिरोने ओळ म्हटली, हिरॉइन पापण्या फडफडवायला लागली, आणि हे महाराज मॉनिटरच्या मागून उठून सरळ फ्रेममध्ये. कुणाकडे न बघता मार्करचं टोपण काढलं, एकच्या आधी आडवी रेघ ओढली, टोपण लावलं, मार्कर जागेवर ठेवला आणि परत खुर्चीत येऊन बसला. कट म्हणायचंही कुणाला सुचलं नाही. मग अख्खं युनिट फुटलं. बूम धरणारा पोरगा हसून हसून खाली बसला. मुलगा आमच्याकडे बघत होता. हसण्यासारखं काय झालं, हे त्याला खरंच कळलेलं नव्हतं.

लंचला दुसरा नमुना भेटला, आमचा फोकसपुलर, म्हणजे कॅमेऱ्याचा फोकस सांभाळणारा. पठ्ठ्याला कुठल्याही भिंगाची कुंडली पाठ आणि ती ऐकायला माणूस लागतो. माणूस मिळाला. जुनी रशियन भिंगं, त्यांचा फ्लेअर म्हणजे उजेड फाकतो तो, कोणाकडून कितीला घेतली, सगळं सांगून तो गीकांवर आला. अमेरिकेत पूर्वी जत्रेत जिवंत कोंबडीचं मुंडकं दातांनी तोडणाऱ्याला गीक म्हणायचे, हे त्याने नेमकं चिकनचा रस्सा वाढला जात असताना सांगितलं. समोरच्या मेकअपदादांनी वाटी सरकवली. मुलाने सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या काचेचा रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स, म्हणजे अपवर्तनांक, किती?" फोकसपुलर पहिल्यांदाच गप्प झाला.

मला तिथे ताटावरच उत्तर मिळालं. गीकाला समोर कुणीतरी लागतं. आपलं वेड दुसऱ्याला लागेपर्यंत त्याला चैन पडत नाही, आणि आपण जरा हास्यास्पद दिसतोय हे त्याला पक्कं ठाऊक असतं, किंबहुना ते तो मिरवतो. नर्डच्या डोक्यात बघणारा नसतोच, तिथे फक्त चूक असते. चष्मा दोघांनाही असू शकतो. मी वाटीतला रस्सा संपवून माझी चार वाक्यं खोडली. नर्डला आता संवाद नव्हता. त्याने उठायचं, रेघ ओढायची आणि जायचं.

पण ते जमेना. आमचा नट चांगला आहे, पण हशा येणार हे माहीत असलेला माणूस पाठमोराही हसतो. खांद्यातून कळतं. टेकवर टेक झाले. शेवटी दिग्दर्शकाने त्याच्या कानात सांगितलं, "यापुढे प्रत्येक टेकला आर्टवाले फळ्यावर कुठेतरी एक चिन्ह बदलतील. कुठलं, ते मी सांगणार नाही. शोध आणि दुरुस्त कर." नटाने पाठ करायला मूळ फळ्याचा फोटो मागून घेतला. पुढच्या टेकला तो आत शिरला तो कपाळाला आठी घालूनच. डोळे ओळीओळीवरून फिरत होते, समोर हिरॉइन आहे हेही तो विसरला होता. ओके टेक तोच.

हे सगळं चालू असताना आमचे सल्लागार जागेवर नव्हते. प्रॉडक्शनवाला व्हाउचरवर सही घ्यायला शोधत फिरला, तर साहेब व्हॅनिटीच्या मागे फायबरच्या खुर्चीवर एकटेच बसलेले. आत येईनात. लोक मुद्दाम चुकीचं लिहितायत, ते त्याला बघवत नव्हतं.