कातानियात सांता आगाताच्या उत्सवाला जाताय? आधी बूट बघा

पाच फेब्रुवारीच्या रात्री इटलीच्या सिसिली बेटावरच्या या शहरात, व्हिया एत्नेआ या रस्त्यावर मी दोनदा आपटता आपटता वाचलो. रस्ता काळ्या लाव्हाच्या फरशांचा, आपल्या सह्याद्रीच्या पाषाणाचाच भाऊबंद, आणि त्यावर हजारो मेणबत्त्यांचं गळलेलं मेण. वर लाकडाचा भुसा टाकतात, तरी पाय सरकतोच. रबरी तळव्याचे, खाचा असलेले बूटच घाला. जाकीट जुनं घ्या. माझ्या नव्या जाकिटावरचं मेण घरमालकीणबाईंनी तपकिरी कागद ठेवून इस्त्रीनं काढलं. त्यांना ते सवयीचंच दिसलं.

आगाता ही ख्रिस्ती संत इथलीच, सिसिलीची. रोमन सम्राट डेशियसनं ख्रिश्चनांचा छळ मांडला, त्या काळात अधिकारी क्विंटियानसला तिनं नकार दिला, धर्मही सोडला नाही. तुरुंग, स्तनच्छेद, शेवटी निखारे; 5 फेब्रुवारी 251 ला ती गेली, अशी परंपरा सांगते. वर्षभरानं एटना ज्वालामुखीचा लाव्हा शहराकडे आला, तेव्हा लोकांनी तिच्या थडग्यावरचं वस्त्र पुढे धरलं आणि तो थांबला, म्हणे. 1040 मध्ये अवशेष कॉन्स्टँटिनोपलला नेले गेले, ते 1126 मध्ये परतले. आज मस्तकाचा अवशेष चांदीच्या अर्धपुतळ्यात आहे. तो वर्षातले मोजकेच दिवस बाहेर येतो, म्हणून ही झुंबड.

उत्सव 3 ते 5 फेब्रुवारी. तीनला मेणाच्या अर्पणाची मिरवणूक आणि रात्री कॅथेड्रलच्या चौकात आतषबाजी. चारला पालखी (खरं तर चांदीचा रथ) शहराला मोठा वळसा घालते, पाचला मध्यवस्तीतून निघते. पांढरा झगा, डोक्यावर काळी मखमली टोपी घातलेले भक्त दोन लांबलचक दोरखंडांनी ती ओढतात. 'चित्तादीनी, व्हिवा सांतागाता!' ही आरोळी आली की पांढरे रुमाल उडतात. मोरया म्हणायची सवय असलेल्या माणसाला अर्थ विचारावा लागत नाही. खांद्यावरच्या काही मेणबत्त्या माणसाएवढ्या उंच, नवसाच्या.

राहायची सोय काही महिने आधी करा, चौकापासून चालत जाता येईल अशी. त्या दिवसांत मध्यवस्तीत गाडीचा विचारच नको. सान जुलियानोच्या चढावर मात्र पोरांना घेऊन उभे राहू नका. तिथं दोरखंड धरून माणसं पळतात, आणि वाट द्यायला जागा नसते.

स्पोंज, रिकोटा, पांढरा मुलामा आणि वर लाल चेरी, अशी 'मिन्ने' नावाची मिठाई प्रत्येक दुकानात दिसते. आकार कशाचा, ते वेगळं सांगायला नको. मला पहिला घास जड गेला, दुसरा नाही.

आणि पाचची रात्र झोपून घालवू नका. सहाच्या पहाटे व्हिया क्रोचिफेरीत रथ थांबला, मठातल्या बेनेडिक्टाइन पंथाच्या नन जाळीआडून गाऊ लागल्या. इतका वेळ ओरडणारा तो जमाव एकदम गप्प झाला. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्यानं टोपी काढली, हातातली मेणबत्ती तिरकी झाली, आणि माझ्या बुटावर मेण टपकत राहिलं.